मिशनरी जातो कशासाठी आणि त्याने थांबायचं कुठे

मिशनची सभा असली की बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा २८वा अध्याय हमखास वाचला जातो. जा, सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, मी जे सांगितलं ते पाळायला शिकवा. वाचायलाच पाहिजे, आमच्या विश्वासाचा तो पाया आहे आणि मी तो मनापासून मानते. पण त्याच पुस्तकात पाच अध्याय मागे जा, २३व्या अध्यायात येशू शास्त्री आणि परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, जे बोलतो ते मिशनच्या सभेत कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. एक माणूस आपल्या मतात आणण्यासाठी तुम्ही समुद्र आणि जमीन पालथी घालता, आणि तो आला की त्याला तुमच्याहून दुप्पट नरकपुत्र करून ठेवता, असं तो त्यांना तोंडावर सांगतो. म्हणजे बघा, लांबचा प्रवास होता, कष्ट होते, तळमळ होती, माणसं येतही होती, आणि तरीसुद्धा प्रभूने त्यांना इतकं कडक सुनावलं. हे दोन अध्याय एकत्र वाचल्याशिवाय कोणी मिशनरी म्हणून निघूच नये असं मला वाटतं, कारण "जा" ही आज्ञा कळायला सोपी आहे, पण गेल्यावर समोरच्या माणसाचं आपल्या हातून काय होतंय याचा हिशोब पण द्यावा लागणार आहे, आणि त्या हिशोबाबद्दल आपण फार कमी बोलतो.

आपण बोलतो ते आकड्यांबद्दल. या वर्षी इतके आत्मे जिंकले, इतके बाप्तिस्मे झाले, इतक्या गावांत सुवार्ता पोहोचली. रिपोर्ट लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्यावर प्रेशर असतं, पैसे पाठवणाऱ्यांना काहीतरी दाखवावं लागतं. पण प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेलं पहिलं पत्र काढून बघा. तिथे लोक माझा पौल, माझा अपुल्लोस (हाही तिथे शिकवणारा) करून भांडत होते, तर पौल म्हणतो की बरं झालं मी तुमच्यापैकी क्रिस्प आणि गायस सोडून कोणाला बाप्तिस्मा दिला नाही, मग त्याला मध्येच आठवतं, हां, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला होता, आणि पुढे सरळ सांगून टाकतो की याशिवाय आणखी कोणाला दिला असेल तर मला माहीत नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या मिशनऱ्याला स्वतः दिलेल्या बाप्तिस्म्यांचा आकडा आठवत नव्हता! आणि पुढे तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, पण वाढवणारा देव. मला वाटतं मिशनऱ्याचं काम कुठे संपतं याची रेघ पौलाने इथेच मारून ठेवली आहे. साक्ष देणं त्याचं काम, सेवा करणं त्याचं काम, माणसाचं मन बदलणं हे त्याचं कामच नाही, ते पवित्र आत्म्याचं काम आहे, आणि जेव्हा मिशनरी ते काम स्वतःकडे घ्यायला बघतो तेव्हाच सगळा घोळ सुरू होतो, मग घाई येते, मग आमिष येतं, मग भीती घालणं येतं.

विल्यम केरीचं उदाहरण सगळे देतात, मी पण देते पण थोडं वेगळ्या कारणासाठी. इंग्लंडमधला चांभारकाम करणारा माणूस, १७९३ मध्ये बंगालमध्ये पोहोचला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून पुढे १८०० मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरला त्याने मुक्काम हलवला. पहिला बाप्तिस्मा कधी झाला, तर १८०० च्या डिसेंबरमध्ये, कृष्ण पाल नावाच्या सुताराचा. सात वर्षं! आजच्या रिपोर्टच्या भाषेत सात वर्षं शून्य. आजची एखादी कमिटी असती तर तिसऱ्या वर्षी त्याला परत बोलावून घेतलं असतं. त्या सात वर्षांत तो भाषा शिकत होता, नीळ कारखान्यात नोकरी करून पोट भरत होता, लोकांमध्ये बसत होता. मग छापखाना आला, व्याकरणं आली, शब्दकोश आले, १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण काढलं आणि १८११ मध्ये सेरामपूरहून मराठी नवा करार छापून निघाला. आता यात एक गोष्ट सांगायची राहून जाते ती म्हणजे हे केरीने एकट्याने केलेलं नाही, फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ यांची मदत होती, बंगालीसाठी रामराम बसू होते, आणि ही मंडळी ख्रिस्ती झालेली नव्हती. त्यांनी आपली विद्या दिली, केरीने ती घेतली, आणि पुस्तकाच्या वर नाव मात्र बहुतेक वेळा एकाचंच राहिलं. मिशनचा इतिहास लिहिताना ज्यांच्या मदतीवर तो उभा राहिला त्यांची नावं नीट लिहिणं ही पण मिशनऱ्याची जबाबदारी आहे असं माझं मत आहे, उपकार म्हणून नाही, खरं बोलायचं म्हणून.

आणि केरीची दुसरी बाजू, जी प्रेरणादायी भाषणात कोणी काढत नाही. त्याच्या बायकोला, डोरोथीला, यायचंच नव्हतं. ती गरोदर होती, तिने नाही म्हटलं, तरी तो मोठ्या मुलाला घेऊन निघाला. जहाजाचं बिनसलं म्हणून निघणं लांबलं आणि तो परत तिला विचारायला आला, तेव्हा बहीण सोबत येणार असेल तर येते म्हणून ती निघाली, अंगावर काही आठवड्यांचं बाळ घेऊन. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला आणि त्यानंतर तिचं मन कधी सावरलंच नाही, १८०७ मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत ती बारा-तेरा वर्षं मानसिक आजारात होती, कितीतरी वेळा बंद खोलीत, आणि बाजूच्या खोलीत नवरा पवित्र शास्त्राची भाषांतरं करतोय. केरीच्या कामाबद्दल मला खूप आदर आहे, पण हे वाचलं की माझा जीव तुटतो. देवाने बोलावलंय असं म्हणून घरातल्या माणसाच्या "नाही"कडे दुर्लक्ष करता येतं का? मला नाही वाटत. ज्या प्रभूची सुवार्ता घेऊन तुम्ही निघालात त्याने पहिली माणसं तुमच्या घरातच ठेवलेली आहेत, आणि पाठवणाऱ्या सोसायटीने डोरोथीला वेगळं बसवून एकदा तरी विचारायला हवं होतं की तुला काय वाटतं.

आता आमिषाबद्दल, कारण हा प्रश्न बाहेरचे लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि आपल्यातले बरेच जण तो ऐकला की लगेच चिडतात. चिडायचं काही कारण नाही. प्रश्न बरोबर आहे. भुकेल्याला जेवण देताना, आजाऱ्याला औषध देताना, मुलांना शाळेत घेताना आपण त्या बदल्यात काही मागतो का? उघड मागत नसू, पण त्या माणसाला असं वाटतं का की प्रार्थनेला गेलो नाही तर औषध मिळणार नाही? त्याला तसं वाटत असेल तर ते आमिषच आहे, आपला हेतू कितीही चांगला असो. लूकच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो, तोसुद्धा शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परकं मानत त्यांच्यातला. येशू विचारतो की बाकीचे नऊ कुठे आहेत. त्याला वाईट वाटलं असणारच. पण त्या नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही, ते तसेच बरे होऊन आपापल्या घरी गेले. मिशनच्या दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे मनात पक्कं करून ठेवावं, की नऊ जण परत येणार नाहीत आणि तरी दहाही जणांना सारखंच औषध, सारखीच माया. श्रीमंत तरुणाची गोष्ट पण तशीच. मार्क लिहितो की येशूने त्याच्याकडे बघितलं आणि येशूला त्याच्यावर प्रीती वाटली, आणि तरी सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये असं ऐकल्यावर तो तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही, अट कमी करून त्याला परत बोलावलं नाही. नाही म्हणण्याचा हक्क प्रत्यक्ष प्रभूने माणसाला दिला, मग आपण कोण तो काढून घेणारे.

पैशाचं तर प्रेषितांच्या काळापासून सगळं स्पष्ट आहे. शिमोन जादूगार पैसे घेऊन आला आणि पवित्र आत्मा द्यायची ताकद विकत मागायला लागला, येशूचा शिष्य पेत्राने त्याला जागच्या जागी झाडलं. पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू शिवत होता, थेस्सलनीकाच्या लोकांना तो आठवण करून देतो की तुमच्यातल्या कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस राबलो, आणि इफिसच्या मंडळीच्या (चर्चच्या) वडिलांचा, म्हणजे तिथल्या पुढाऱ्यांचा, निरोप घेताना म्हणतो की मी कोणाच्या सोन्याचा, रुप्याचा किंवा कपड्याचा लोभ धरला नाही. पगार घेणं पाप आहे असं मी म्हणत नाही, पौल स्वतः म्हणतो की सुवार्ता सांगणाऱ्याला त्यावर उपजीविका करायचा हक्क आहे. पण तो हक्क त्याने का सोडला याचा विचार करा, ऐकणाऱ्याच्या मनात हा माणूस आपल्याकडून काहीतरी काढायला आलाय अशी शंका सुद्धा नको होती त्याला. आणि हे फक्त माझ्यासारखीचं मत नाही. २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवादाची परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून ख्रिस्ती साक्ष कशी द्यावी यावर एक दस्तऐवज काढला. त्यात पैशाचं आमिष, फसवणूक, लोकांच्या गरिबीचा गैरफायदा घेणं, हे सगळं स्पष्ट शब्दांत नाकारलेलं आहे, दुसऱ्या धर्माबद्दल खोटं बोलू नका असंही सांगितलंय. एरवी ज्यांचं एकमेकांशी फार जमत नाही अशा तीन बाजू यावर एकत्र आल्या. हा दस्तऐवज प्रत्येक बायबल कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाला शिकवला पाहिजे.

दुसऱ्या धर्माबद्दल बोलायचं निघालंच आहे तर अथेन्समधला पौल बघा. शहरभर मूर्ती बघून त्याचा आत्मा आतून पेटला होता असं लूक प्रेषितांच्या कृत्यांत लिहितो, पण भाषण करायला उभा राहिला तेव्हा त्याने शिव्या दिल्या नाहीत. तुम्ही धर्माच्या बाबतीत फार आस्था असलेले लोक आहात असं म्हणून सुरुवात केली, त्यांच्या वेदीचा उल्लेख केला, त्यांच्याच कवींच्या ओळी वापरल्या. म्हणजे त्याने शहर फिरून बघितलं होतं, त्यांचं साहित्य वाचलं होतं. आज काही लोक माईक हातात घेऊन दुसऱ्यांच्या देवांवर जे बोलतात ते ऐकलं की मला लाज वाटते, ती साक्ष नाही, तो नुसता अपमान आहे, आणि त्याचे परिणाम भोगायला तो बोलणारा तिथे राहत पण नाही, तो निघून जातो आणि त्या गावातल्या दोन-चार विश्वासी कुटुंबांना शेजाऱ्यांची तोंडं बघत जगावं लागतं.

इथे मला जबाबदारी हा शब्द सगळ्यात जड वाटतो. आपल्या कृतीची किंमत दुसरं कोणीतरी मोजणार असेल तर तुम्हाला दहा वेळा विचार करायलाच हवा. २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण अंदमानमधल्या उत्तर सेंटिनल बेटावर सुवार्ता सांगायला म्हणून गेला आणि तिथल्या लोकांच्या बाणांनी मारला गेला. तिथे जायला कायद्याने बंदी आहे, आणि ती बंदी सुवार्तेच्या रागाने घातलेली नाही, त्या लोकांचा बाहेरच्या जगाशी संपर्क नाही, आपल्याला साधा वाटणारा सर्दी-तापसुद्धा तिथे सगळी वस्ती संपवू शकतो म्हणून आहे. त्याला नेणाऱ्या मच्छीमारांना अटक झाली. त्याची तळमळ खरी होती यात मला शंका नाही, स्वतःचा जीव द्यायची तयारी होती त्याची. पण आपल्यासोबत कोणाकोणाचा जीव आपण पणाला लावतोय हे बघायचं राहून गेलं. हौतात्म्य म्हणून त्याचं कौतुक करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

याउलट फादर डेमियन. १८७३ मध्ये ते हवाई बेटांतल्या मोलोकाईवर गेले, जिथे कुष्ठरोग्यांना नेऊन सोडून देत. वय ३३. तिथे त्यांनी घरं बांधली, जखमा धुतल्या, शवपेट्या बनवल्या, कबरी खणल्या, आणि शेवटी स्वतःला तो रोग झाला आणि १८८९ मध्ये तिथेच गेले. इथे पण जीव गेला, पण तो फक्त स्वतःचा, आणि ज्यांच्यासाठी गेला त्यांना त्यांची गरज होती. ते त्या लोकांबरोबर "आपण कुष्ठरोगी" असं म्हणून बोलायचे. पाहुणा म्हणून सेवा करणं आणि त्यांच्यातला होऊन राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सत्तेशी मिशनऱ्याचं नातं कसं असावं हा सगळ्यात मोठा विषय आणि इथे आपला इतिहास दोन्ही बाजूंनी भरलेला आहे. विल्यम शेपर्ड हे नाव आपल्याकडे फार कोणाला माहीत नाही. आफ्रिकन अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी, काँगोमध्ये होते, तेव्हा काँगो बेल्जियमच्या राजा लिओपोल्डची खासगी मालमत्ता होती आणि रबरासाठी तिथल्या लोकांवर भयंकर अत्याचार चालले होते. १८९९ मध्ये शेपर्ड एका हल्ल्याची चौकशी करायला गेले तर आगीवर वाळवत ठेवलेले तोडलेले हात त्यांना दिसले, त्यांनी ते मोजले, ८१ उजवे हात. मारलेल्या माणसांचा हिशोब वरच्यांना दाखवायला ते जपून ठेवले होते. शेपर्डनी हे जगाला सांगितलं. पुढे १९०९ मध्ये रबर कंपनीने बदनामीचा खटला भरला, त्यात ते सुटले. त्याच काळात अ‍ॅलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी काढलेल्या फोटोंनी युरोप-अमेरिकेत लोकांना जागं केलं. माझ्या दृष्टीने ही सुवार्तेची कामं आहेत, भक्ती एका बाजूला आणि असली कामं दुसऱ्या बाजूला असं वेगळं काढताच येणार नाही. देवाच्या प्रतिरूपात बनवलेल्या माणसाचा हात कापला जात असताना जो गप्प बसतो त्याने तारणाबद्दल काय बोलावं.

आणि दुसऱ्या बाजूला कॅनडा. सरकारने काढलेल्या आणि चर्चनी चालवलेल्या निवासी शाळा, १८८० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत, दीड लाखाहून जास्त आदिवासी मुलं. आईबापांपासून तोडलेली, स्वतःची भाषा बोलली म्हणून मार खाल्लेली, कित्येकांवर अत्याचार झालेले, हजारो मुलं परत घरी गेलीच नाहीत. कॅथलिक, अँग्लिकन, युनायटेड, प्रेस्बिटेरियन, सगळ्यांच्या शाळा होत्या. तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ मध्ये आला, २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस स्वतः तिथे जाऊन माफी मागून आले. हे वाचून "पण त्या काळी सगळेच तसे होते" असं म्हणणाऱ्यांना मला शेपर्ड दाखवायचे असतात, त्याच काळातले. आणि त्यांच्याही तीनशेहून जास्त वर्षं आधी बार्तोलोमे दे लास कासास हा स्पॅनिश पाद्री आपल्याच देशाच्या लोकांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर केलेल्या जुलमाविरुद्ध राजाच्या दरबारापर्यंत जाऊन भांडत होता. तेव्हा त्या काळी बघणारी माणसं होती. ज्यांना सरकारकडून जमीन, ग्रँट आणि पोलीस मिळत होते त्यांना दिसलं नाही एवढंच. मुलं तुमच्याकडे आईबापांच्या इच्छेने येत नसतील, पोलीस आणून देत असतील, तर तिथे येशूचं नाव भिंतीवर लिहून काही उपयोग नाही.

लुस्त्र गावात पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांनी एका लंगड्याला बरं केलं तेव्हा लोक त्यांना देव समजून बैल आणि फुलांच्या माळा घेऊन आले. त्या दोघांनी अंगावरचे कपडे फाडले आणि गर्दीत उडी घेऊन ओरडले की अहो आम्ही तुमच्यासारखीच माणसं आहोत. हा प्रसंग मला फार आवडतो. कारण मिशनऱ्याला माळा सगळीकडे मिळतात, त्याच्या हातात औषध असतं, पुस्तकं असतात, बाहेरचे कॉन्टॅक्ट असतात, आणि हळूहळू त्याच्याशिवाय पान हलत नाही अशी परिस्थिती तयार होते. त्याला ते आवडायला पण लागतं. वीस-वीस वर्षं काम केलेले चांगले लोक मी बघितलेत, प्रामाणिक, प्रार्थनाशील, पण मंडळीची सही अजून त्यांचीच, बँकेचं खातं त्यांच्याच नावावर, उपदेश त्यांचाच, आणि स्थानिक पाळक म्हणजे निरोप पोहोचवणारा माणूस. विचारलं तर म्हणतात अजून तयार नाहीत हे लोक. पौल आणि बर्णबाने तर त्याच पहिल्या प्रवासात परतीच्या वाटेवर लुस्त्र, इकुन्या, अंत्युखिया इथे प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे स्थानिक पुढारी, नेमले, उपास आणि प्रार्थना करून त्यांना प्रभूच्या हाती सोपवलं, आणि पुढे निघाले.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन आणि अमेरिकेत रूफस अँडरसन, दोघेही मोठ्या मिशन सोसायट्यांचे सेक्रेटरी, यांनी हेच सांगितलं. मंडळी स्वतःच्या पैशावर उभी राहावी, स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतः सुवार्ता पसरवावी, आणि तसं झालं की मिशनने तिथून उठावं. व्हेननी ते करून दाखवायचा प्रयत्नही केला. सॅम्युअल क्राउदर नावाचा योरुबा मुलगा, लहानपणी गुलाम म्हणून पकडून पोर्तुगीज जहाजावर चढवलेला, ब्रिटिश नौदलाने सोडवला, शिकला, योरुबा भाषेत बायबल आणण्याचं मोठं काम केलं, आणि १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. केवढी मोठी गोष्ट! पण व्हेन गेल्यावर नवीन तरुण इंग्रज मिशनरी आले, त्यांना काळ्या बिशपच्या हाताखाली काम करणं जमेना, १८९० मध्ये त्यांनी क्राउदरच्या पाद्र्यांवर आरोप करून त्यांना बाजूला केलं, ऐंशी पार केलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाचा त्याच्याच मिशनमध्ये अपमान केला, पुढच्या वर्षी तो वारला आणि त्याच्या जागी गोरा बिशप आणला. ते तरुण भक्तिहीन नव्हते, उलट फार आवेशी होते, पवित्रतेबद्दल बोलायचे. नेमकं तेच मला घाबरवतं. १९१० मध्ये एडिंबराच्या जागतिक मिशनरी परिषदेत, जिथे बाराशेच्या आसपास प्रतिनिधी होते आणि आशियातले अगदी मूठभर, तिथे भारतातले व्ही. एस. अझरया यांनी उभं राहून सांगितलं होतं की तुम्ही गरिबांना खायला दिलंत, स्वतःची शरीरंही दिलीत, पण आम्हाला प्रेम हवंय, आम्हाला मित्र द्या. काही लोकांना ते भाषण आवडलं नाही म्हणतात. शंभर वर्षांहून जास्त झाली, ती मागणी अजून पूर्ण झालेली नाही.

मिशनरी बाजूला झाला की काय होतं याची भीती वाटत असेल तर मादागास्कर बघा. लंडन मिशनरी सोसायटीचे लोक १८१८ मध्ये तिथे पोहोचले, पहिल्या गटातले बहुतेक तापाने गेले. उरलेल्यांनी आणि नंतर आलेल्यांनी मालागासी भाषा लिहायची पद्धत बसवली, शाळा काढल्या, भाषांतर सुरू केलं. मग राणी रानावालोना गादीवर आली आणि १८३५ मध्ये तिने आपल्या प्रजेला ख्रिस्ती धर्म पाळायला बंदी केली. मिशनऱ्यांना कळलं की आपल्याला जावं लागणार. त्यांच्याकडे काम करायला माणसं उरली नव्हती, तरी त्यांनी स्वतः टाइप जुळवून, स्वतः छापून मालागासी बायबल पूर्ण केलं आणि प्रती विश्वासी लोकांच्या हातात देऊन १८३६ पर्यंत सगळे निघून गेले. पुढची पंचवीस वर्षं उघडपणे काम करणारा एकही मिशनरी नाही. १८३७ मध्ये रासालामा नावाच्या बाईला भाल्याने मारलं, १८४९ मध्ये कड्यावरून लोकांना खाली टाकलं. ते बायबल लोकांनी जमिनीत पुरून ठेवलं, गुहांमध्ये लपून वाचलं, पानं फाटली की शिवून वाचलं. १८६१ मध्ये राणी वारली, मिशनरी परत आले, तर विश्वासी लोक सोडून गेलो त्यापेक्षा जास्त झालेले. चीनमध्येही १९५० नंतर सगळ्या परदेशी मिशनऱ्यांना जावं लागलं, तेव्हा प्रोटेस्टंट लोक काही लाख होते, आज ते कोटींमध्ये मोजतात. छळाचं मला कौतुक नाही, तो कोणाच्याही वाट्याला येऊ नये. मला दिसतं ते एवढंच की निघायच्या आधी मिशनऱ्यांनी लोकांच्या हातात त्यांच्या भाषेतलं वचन दिलं होतं, आणि तेवढं पुरलं.

म्हणून आजच्या काळात जो जातोय त्याच्याकडून माझ्या अपेक्षा फार सरळ आहेत. भाषा शिक, दुभाष्यावर दहा वर्षं काढू नकोस. तिथल्या कायद्याचा मान राख, खोटं कारण सांगून शिरू नकोस, कारण सत्य सांगायला गेलेल्या माणसाची सुरुवातच खोट्याने झाली तर पुढचं कोण ऐकणार. आजारी, रडणाऱ्या, अर्धनग्न मुलांचे फोटो काढून देणगीसाठी पाठवू नकोस, त्या मुलाच्या आईने तुझ्या मुलाचा तसा फोटो काढलेला तुला चालेल का विचार. आठ दिवसांच्या ट्रिपवर येणाऱ्या तरुणांना भिंती रंगवायला आणायचं असेल तर आधी विचार की गावात रंगारी नाहीत का. पैशाचा हिशोब मंडळीसमोर, त्यांच्या भाषेत, वाचून दाखव. आणि आल्या दिवसापासून कोणाला तरी सोबत घे, जो उद्या तुझ्या जागी उभा राहणार आहे, आणि त्याला चुका करू दे.

पण पाठवणाऱ्यांची जबाबदारी जाणाऱ्यापेक्षा कमी नाही, आणि आपल्यातले बहुतेक जण पाठवणारे आहोत. आकड्यांची भूक आपली आहे, आपण मागतो म्हणून ते देतात. या वर्षी कोणीही आलं नाही असं मिशनऱ्याला आपल्यासमोर निर्धास्तपणे सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगितल्यावर पुढच्या महिन्याचा सपोर्ट वेळेवर पोहोचला पाहिजे. निघायच्या आधी त्याच्या बायकोशी किंवा तिच्या नवऱ्याशी वेगळं बोललं पाहिजे. मुलांच्या शिक्षणाचं काय, म्हातारपणाचं काय, आजारी पडले तर काय, हे ठरवल्याशिवाय "देव बघेल" म्हणून हात वर करणं हा विश्वास नाही, तो आळस आहे. सीरियातल्या (वरच्या वेगळ्या) अंत्युखियाच्या मंडळीने पौल आणि बर्णबाला उपास करून, प्रार्थना करून, हात ठेवून पाठवलं, आणि ते परत आले तेव्हा सगळी मंडळी जमवून ऐकलं, त्यानंतर ते दोघं तिथे शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले असं लूक लिहितो. आपल्याकडे परत आलेल्याला पहिल्याच रविवारी भाषणाला उभं करतात आणि पुढच्या आठवड्यापासून देणगीसाठी एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये फिरवतात, हे तरी आपण थांबवू शकतो, त्याला कुठल्या परिषदेची परवानगी लागत नाही.